तिसावी बाई

“बारा वर्षं शिकले, आता एक वर्ष शिकणार नाय!”

एकोणीसशे ब्याऐंशीच्या जून महिन्यात, बारावीच्या निकालानंतर तिसऱ्या दिवशी, ललितानं पडवीत उभं राहून हे जाहीर केलं. निकाल वाईट लागला होता म्हणाल, तर मुळीच नाही. चांगला पहिला वर्ग होता! महाडजवळच्या नाते गावापलीकडच्या त्यांच्या बौद्धवाडीत एवढे मार्क आजवर कुणी डोळ्यांनी पाहिले नव्हते. वाडीनं पोरीच्या गळ्यात झेंडूचा हार घातला होता. तो हार सुकायच्या आत पोरगी असं बोलत होती!

तिचा बाप भिकाजी तेव्हा चपला काढत होता. एक काढली आणि दुसरी पायातच राहिली.

“शिकणार नाय म्हंजे? मंग करणार काय?”

“ठरवणार.”

“काय ठरवणार?”

“पुढं काय करायचं ते.”

“आन् त्याला वर्ष लागतं? माझं लगीन ठरवायला अर्धा तास लागला व्हता, त्यात दोनदा च्या झाला!”

“तरी म्हटलं,” आतून गीताबाई म्हणाली. भिकाजीनं बायकोचं बोलणं ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

भिकाजी साळवी सातवी पास. महाडला एका सरकारी कचेरीत बावीस वर्षं शिपाई. कचेरीतल्या दातार साहेबांनी त्याला सांगून ठेवलं होतं, “भिकाजी, मुलीला डी.एड.ला घाल. दोन वर्षांत मास्तरीण होईल.” झालं! साहेबांच्या तोंडून शब्द निघाला आणि भिकाजीनं फॉर्म आणून ट्रंकेत इस्त्रीच्या धोतराखाली ठेवला. ललिताला विचारायचं कुणाच्याच ध्यानात आलं नाही.

आणि नेमकं तेच तिला झोंबलं होतं. ती सहा वर्षांची असल्यापासून अख्खी वाडी तिच्या शिक्षणावर पहारा देत होती. वाडीत कुणाचं भांडण जुंपलं तरी कुणीतरी ओरडायचं, “हळू भांडा रे, लली अभ्यास करते!” बारा वर्षं माणसं बिचारी कुजबुजत भांडली! शाळा बापानं ठरवली, विषय मास्तरांनी ठरवले, आता डी.एड. दातार साहेबांनी ठरवलं. मग मी काय ठरवलं? माझं डोकं काय फक्त वेणी घालायला दिलंय? असा तिचा सवाल होता.

“बाबा, पांडवसुद्धा बारा वर्षांनंतर एक वर्ष लपून बसले होते!”

“पांडव-बिंडव मला सांगू नको! त्यांना शिकण्याची कदर कुठं व्हती? जुगार खेळत बसले!”

तीन दिवस घरात कुणी कुणाशी बोललं नाही. निरोप कोंबड्यांना उद्देशून दिले जात होते. चौथ्या दिवशी भिकाजी नमला, पण सरकारी माणूस तो, अट घातल्याशिवाय काही मंजूर करायचा नाही.

“घे वर्ष! कचेरीत मी सांगतो की पोरगी पुढची तयारी करते. पण माझ्या कचेरीत एका जरी माणसानं म्हटलं ना, की भिकाजीची पोरगी शिकणं सोडून घरी बसली, तर त्याच आठवड्यात हा फॉर्म भरायचा. मंग तोंड उघडायचं नाय!”

“कबूल!” ललिता म्हणाली. “आणि वर्षभर मी पुस्तकाला हातसुद्धा लावणार नाय!”

हे शेवटचं वाक्य तिनं उगाच जोडलं. रागात माणूस एक वाक्य जास्त बोलतो आणि तेच पुढे महाग पडतं.

पहिल्या महिन्यात लोक भेटायला येऊ लागले. पहिल्या वर्गाची पोरगी आपल्या मर्जीनं घरी बसते, हे कुणाच्या डोक्यात शिरेना. म्हणजे नापासच! हार चुकून घातला गेला असणार! शेजारचा कोंडाजी चार काकड्या घेऊन आला आणि खालच्या आवाजात म्हणाला, “रडू नको. ऑक्टोबरला सुटशील.”

ललितानं गुणपत्रिकाच त्याच्या हातात दिली. कोंडाजीनं ती उजेडात धरली, उलटी करून पाहिली आणि मान हलवली. “एवढे मार्क देऊन बी नापास? बोर्ड लय हरामी!”

त्याच्या मागून लग्नं जुळवणारा सयाजी स्थळ घेऊन आला. मुलगा मुंबईला गोदीत, शिकलेली मुलगी त्याला चालत नाही, पण “तुमची आता थांबलीच हाय तर चालंल!” ललितानं त्याला पाणी दिलं, चहा दिला, आणि वाडीच्या टोकापर्यंत सोबत जाऊन वाट दाखवली. परत येऊ नये म्हणून जवळची नाही, लांबची!

अशा रीतीनं ऑगस्ट गेला. ललिता मजेत होती. भात लावणीला गेली, नदीवर तासन्‌तास खेकडे पकडत बसली, दुपारी खुशाल झोपली. काही ठरलं नव्हतं, पण ठरायला अजून भरपूर महिने होते.

सप्टेंबरात वाडीत बायकांचा प्रौढ शिक्षणाचा वर्ग निघाला.

वर्ग समाजमंदिरात, दुपारी दोन ते चार. शिकवायला नाते गावची कालिंदी. आता गंमत बघा, ही कालिंदी दहावीपर्यंत ललिताच्या बाकावर बसायची आणि गणितात दोनदा आपटली होती. घरच्यांनी तिचं चूल आणि मूल ठरवायला घेतलं होतं, तेवढ्यात हे काम मिळालं. काम गेलं की मांडव! त्यामुळे वर्ग चालावा म्हणून ती जिवाच्या आकांतानं धडपडत होती. अडचण एकच. वर्गाला तीस बाया लागत. वाडीतल्या सगळ्या निरक्षर बाया मोजून झाल्या एकोणतीस!

त्यासाठी आधीच बऱ्याच जणींची वयं खाली ओढून झाली होती. वर्ग पस्तिशीच्या आतल्यांसाठी होता. ललिताच्या शेजारची काशीकाकी रजिस्टरात चौतीस वर्षांची होती, आणि तिचा थोरला मुलगा चंदू बत्तीस वर्षांचा होता. एवढं करूनही तिसावी बाई मिळेना, तेव्हा काशीकाकी पदर खोचून ललिताकडे आली.

“लली, तू बस.”

“मी? काकी, मी बारावी पास आहे!”

“असू दे. आमी काय तुला नावं ठेवतो?”

“अहो, पण मी अ आ इ काढत बसू?”

काशीकाकी जवळ सरकली. “बग गो. तुला वाटतं आमी तिथं अक्षरं शिकाय जातो? ती येतात तर येऊ देत, नको म्हणत नाय. पण दोन ते चार आमाला कोण हाक मारत नाय! पाणी आण नाय, च्या ठेव नाय, म्हशीला बग नाय. हाक मारली तर सांगायचं, सरकारी काम हाय! जल्माला आल्यापास्नं पयल्यांदा टेकून बसाय मिळतंय. एका बाईपायी घालवू व्हय ते?”

ललितानं काकीला बसायला पाट सरकवला.

“तुला वर्ष पायजे, आमाला दोन तास पायजेत,” काकी म्हणाली. “तुझ्या वर्षाबद्दल आमी कुठं तोंड उघडलं? मंग तू आमच्या दोन तासांत नुसती येऊन बस!”

ललिताच्या सगळ्या वर्षाचं तत्त्वज्ञान काकीनं दोन वाक्यांत सांगून टाकलं होतं. पण नावाचं काय करायचं? रजिस्टर दर महिन्याला महाडच्या कचेरीत जायचं आणि तिथं ते टेबलाटेबलांवर फिरवायचा कोण, तर साक्षात भिकाजी! तेव्हा काकीनं आपल्या सुनेचं नाव दिलं. सून कमळा चार वर्षं चंदूबरोबर मुंबईला होती, ती काही तक्रार करायला येणार नव्हती, आणि भिकाजीला नाव दिसलं तरी काकीनं नुसती संख्या भरली एवढंच वाटलं असतं. “कमळाबाई चंदू साळवी, वय बावीस, निरक्षर.” ललितानं सवयीनं पेन उचललं, तशी गीताबाईनं तिच्या हातावर फटका मारून अंगठा शाईच्या पॅडवर दाबला. आई स्वतः त्या एकोणतीसांतली, पहिल्या रांगेतली!

आता निरक्षर असणं सोपं असतं असं ज्याला वाटतं, त्यानं एकदा प्रयत्न करून बघावा. कालिंदी फळ्यावर ‘कमळ’ लिहायची आणि सगळ्या बाया डोळे बारीक करून बघायच्या. ललिताच्या डोळ्यांनी ते आधीच वाचून टाकलेलं असायचं! पाटीवर ‘क’ काढायला घेतला की तो छापल्यासारखा यायचा. शेवटी तिनं डाव्या हातानं लिहायला सुरुवात केली. महिनाभर अक्षर छान वेडंवाकडं आलं. मग डावा हातही बसला! तोही सुबक लिहायला लागला. शेजारी बसलेली गीताबाई रागानं म्हणाली, “जरा तरी बिघडव गो! मला लाज वाटते.”

डिसेंबरात दातार साहेब तपासणीला आले.

उंच, गोरे, जाड काचांचा चष्मा, काखेत वर्तमानपत्र. मनानं चांगला माणूस. गावोगाव वर्ग उघडून दमला होता, आणि अजून एकही बाई त्याला अडखळल्याशिवाय वाचून दाखवत नव्हती. साहेब खुर्चीत बसले आणि म्हणाले, “चालू द्या. मी आहे हे विसरून जा.”

साहेब आहे हे कालिंदी कशी विसरणार? तिनं फळ्यावर बेरीज मांडली. अठ्ठेचाळीस आणि सदतीस. आठ आणि सात पंधरा, पाच लिहिले. चार आणि तीन सात. उत्तर पंच्याहत्तर!

“हातचा राहिला!”

ललितानं स्वतःच्या तोंडावर हात ठेवला, पण शब्द तर निघून गेला होता.

“कोण बोललं?” साहेब उभे राहिले.

एकोणतीस बायांनी एकाच वेळी तिच्याकडे बोट दाखवलं. त्यांना वाटलं, बक्षीस मिळेल.

“नाव काय तुमचं बाई?”

“क... कमळा.”

“तीन महिन्यांत हातचा!” साहेबांचा आवाज भरून आला. “वाचता येतं? हे जरा वाचून दाखवता?” आणि त्यांनी काखेतलं वर्तमानपत्र तिच्या पुढ्यात धरलं.

ललितानं मनाशी ठरवलं. अडखळायचं. एक अक्षर, मग थांबायचं, मग दुसरं. तिनं सुरुवातही छान केली. “म... हा... ड...” पण सहा महिने झाले होते हो! सहा महिन्यांत पोरीनं छापील अक्षराला हात लावला नव्हता! रागात केलेली ती प्रतिज्ञा तिनं इमानानं पाळली होती, आणि उपाशी माणसापुढे ताट आलं. कशेडी घाटात टँकर उलटून दोन दिवस मालट्रका अडकल्या, त्यात कोंबड्यांचा एक ट्रक होता आणि ड्रायव्हरनं त्या कोंबड्या सगळ्यांना वाटल्या, अशी बातमी होती. पुढं काय झालं? ती वाचतच सुटली! सगळा रकाना वाचला. “उर्वरित पान तीनवर” हेसुद्धा वाचलं, पान उलटलं आणि उर्वरितही वाचलं. मग वर पाहिलं.

दातार साहेब चष्मा पुसत होते.

“बायांनो,” ते म्हणाले, “याच वाडीत आमच्या भिकाजीची मुलगी आहे. बारावी, फर्स्ट क्लास! आज तिनं इथं असायला हवं होतं. कमळाबाई, तुम्ही तिचा आदर्श ठेवा. एक दिवस तुम्ही तिच्याइतक्या शिकाल!”

“बोलवून आणू का तिला?” काशीकाकीला कुठून दुर्बुद्धी सुचली कोण जाणे!

“ती घरात नाय!” गीताबाई किंचाळली. “तयारीला गेली!”

पुढं जे व्हायचं तेच झालं. साहेबांनी अहवाल लिहिला आणि फेब्रुवारीत पत्र आलं. तालुक्यातली आदर्श नवसाक्षर महिला म्हणून कमळाबाईंचा महाडला जाहीर सत्कार!

“मी मुळीच जाणार नाय!” ललिता म्हणाली.

“जाऊ नको,” काकी म्हणाली, “म्हंजे साहेब जीप घेऊन वाडीत येतील. कमळाचं घर विचारतील. घरात कमळा नाय. मंग वर्ग नाय, कालिंदीचं काम नाय, आन् तुझं वर्ष बी नाय.”

हिशेब बिनचूक होता. शिवाय सत्काराच्या दिवशी गुरुवार होता, आणि दर गुरुवारी भिकाजी टपाल घेऊन अलिबागला जायचा. तेव्हा भीती कसली? ललितानं आईचं नऊवारी नेसलं, कपाळावर पदर ओढला आणि काकीबरोबर एस.टी.त बसली.

आता त्याच दिवशी कचेरीतला दुसरा शिपाई तापानं झोपावा याला काय म्हणायचं? टपाल राहिलं आणि सत्काराचं तबक धरायला उभं राहिलं कोण?

“आदर्श नवसाक्षर, कमळाबाई चंदू साळवी!” दातार साहेबांनी पुकारलं. टाळ्या पडल्या. पांढऱ्या डगल्यातला भिकाजी शाल, श्रीफळ आणि प्रशस्तिपत्र ठेवलेलं तबक घेऊन अदबीनं पुढं आला. समोर पदराखाली आपल्याच पोरीचं नाक दिसलं. तबक एका बाजूला कललं, नारळ खाली पडला आणि गडगडत पाहुण्यांच्या खुर्चीखाली गेला.

“अरे, सांभाळ!” साहेब दबक्या आवाजात म्हणाले.

भिकाजी नारळ काढायला खुर्चीखाली शिरला आणि बराच वेळ बाहेरच येईना! मला वाटतं, त्याला तिथंच राहायचं होतं. शेवटी पाहुण्यांनीच पाय उचलून घेतले.

तेवढ्यात साहेबांनी खिशातलं शाईचं पेन काढलं आणि मोठी नोंदवही उघडली. “आता सर्वांत महत्त्वाचा क्षण! आजवर अंगठा देणारी ही भगिनी सर्वांसमक्ष आपली पहिली सही करणार आहे!”

सगळं सभागृह माना उंच करून बघू लागलं. ललितानं घरी ‘कमळा’ ही सही पन्नास वेळा गिरवली होती, थोडी थरथरती, थोडी तिरकी. पण समोर बाप उभा आणि उजव्या हातात सवयीचं पेन. हातानं आपलं आपण काम उरकलं. झरझर, ऐटबाज इंग्रजीत, शेवटी खाली रेघ ओढून दोन टिंबं देऊन, लिहिलं गेलं: एल. बी. साळवी!

तिनं ते पाहिलं आणि पदर आणखी खाली ओढला. साहेब चष्मा सावरत वहीवर वाकू लागले.

आणि भिकाजीनं पाहुण्यांसाठी ठेवलेला पाण्याचा तांब्या उचलला आणि सरळ वहीवर ओतला!

सांडला असं लोक म्हणतात. पण मी सांगतो, ओतला! ओली शाई पसरली, सहीचं निळं तळं झालं.

“भिकाजी! गाढव आहेस काय!” दातार साहेब भर सभेत ओरडले. “बावीस वर्षं नोकरी झाली तुझी, साधं पाणी देता येत नाही?”

“चुकलं साहेब,” भिकाजी म्हणाला. त्यानं मान खाली घातली आणि खांद्यावरच्या फडक्यानं वही पुसायला लागला. ती सहीच्या जागीच जरा जास्त घासली.

बावीस वर्षांत एकाही साहेबाच्या टेबलावर पाण्याचा थेंब सांडला नाही, हा ललिताच्या बापाचा अभिमान होता. तो त्यानं चारशे माणसांसमोर तिच्यासाठी ओतून टाकला होता.

पेनचं टोक भिजलं, ते उमटेना. पाहुण्यांना घाई. मग साहेबांनी घाम पुसत स्टॅम्प पॅड मागवलं. “बाई, तूर्त अंगठाच द्या!” आणि तालुक्यातल्या आदर्श नवसाक्षर महिलेनं टाळ्यांच्या कडकडाटात अंगठा उठवला.

संध्याकाळच्या एस.टी.त बापलेक शेजारी बसले. महाड मागे पडलं, तसा भिकाजी तिच्याकडे वळला.

“इंग्रजीत सही कोणी शिकवली तुला?”

“तुम्हीच. आठवीत. म्हणालात, रुबाब पडतो.”

भिकाजी खिडकीबाहेर बघू लागला. “तुझ्या आयेला म्हाईत व्हतं हे?”

“आये माझ्या शेजारीच बसते.”

“म्हंजे एकट्या मलाच म्हाईत नव्हतं?”

“आणि दातार साहेबांना.”

एवढा वेळ दाबून ठेवलेलं हसू भिकाजीच्या तोंडातून फसकन बाहेर आलं. पुढच्या सीटवरून काशीकाकीनं वळून पाहिलं आणि परत पुढं बघू लागली.

“मग?” ललितानं धीर करून विचारलं. “फॉर्म भरायचा?”

“कशापायी? भिकाजीची पोरगी घरी बसली, असं कोण म्हणालं? भिकाजी गाढव हाय, एवढंच म्हणाले. ते अटीत नव्हतं.”

इथं गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. पण दातार साहेब कामाला लागले की थांबायचे नाहीत. मार्चमध्ये वाडीला दुसरं पत्र आलं. कमळाबाईंची प्रगती पाहता वाडीतल्या महिला शंभर टक्के साक्षर झाल्याचं घोषित करण्यात येत आहे, सबब वर्ग एक एप्रिलपासून बंद!

पत्र कालिंदीनं वाचून दाखवलं आणि वाचता वाचता ती रडायला लागली. समाजमंदिरात तीस जणींनी पाट्या खाली ठेवल्या. बाहेर कुणाच्या तरी नवऱ्यानं हाक मारली, “पाणी तापव गो!”

“हे सगळं तुझ्यामुळं!” एक जण ललितावर उसळली. “कशाला एवढं फाडफाड वाचायचं व्हतं?”

ते खरं होतं, आणि ते तिला सहनच होईना. तिनं कालिंदीच्या हातून कागद आणि पेन ओढून घेतलं. जूनपासून पहिल्यांदा पोरगी मनापासून लिहायला बसली.

“विषय,” ती लिहिता लिहिता मोठ्यानं वाचत होती, “साक्षरता रद्द करून मिळणेबाबत. महोदय, आम्ही खाली अंगठा करणाऱ्या महिला सविनय कळवितो की, आम्ही साक्षर झालो होतो हे खरे आहे. परंतु त्यानंतर भात झोडणी, लाकूडफाटा आणि पाणी भरणे या कामांमुळे आम्ही सर्व काही विसरलो आहोत. आम्हांस पूर्ववत निरक्षर समजावे व वर्ग चालू ठेवावा. असे न केल्यास विस्मरणाची जबाबदारी आमच्यावर राहणार नाही.”

“वा गो बाय!” काशीकाकी म्हणाली. “अंगठे आणा रे!”

आठवड्यात साहेब धावत आले. “विसरलात? सगळं?”

“सगळं!” तीस जणी एका सुरात म्हणाल्या.

“अहो, पण कमळाबाई तरी...”

“ती तर सगळ्यांच्या आधी इसारली,” काकी म्हणाली. “चढली तशी उतरली!”

साहेबांनी वर्तमानपत्र पुढं केलं. ललितानं ते उलटं धरलं, बराच वेळ न्याहाळलं आणि त्यातल्या टायरच्या जाहिरातीकडे बोट दाखवून म्हणाली, “ही भाकरी काय?”

दातार साहेब खुर्चीत बसले ते बसलेच.

“पण साहेब,” ललिता पदरातूनच म्हणाली, आता तिला चेव आला होता, “विसरलेल्या बाईला तुम्ही साक्षर कसं म्हणणार? आणि निरक्षर असेल तर वर्ग कसा बंद करणार? दोन्ही गोष्टी एकदम कशा होतील? वरून कुणी तपासायला आलं तर सही तुमचीच आहे!”

साहेबांनी हा मुद्दा दोनदा मनात फिरवला. त्यांना त्यात कुठं फट सापडेना. “वर्ग चालू राहील,” ते थकून म्हणाले.

त्या संध्याकाळी ललितानं चुलीपाशी बसून जाहीर केलं, “बाबा, माझं ठरलं!”

“मास्तरीण?” भिकाजीनं आशेनं विचारलं.

“वकील! आधी महाडला बी.ए., मग वकिली.”

भिकाजीनं तोंडापर्यंत नेलेला घास खाली ठेवला. आपल्या वाडीत आजवर कुणी वकील बघितला होता तोसुद्धा कोर्टात, आरोपीच्या पिंजऱ्यात उभं राहून! तो बोलायला तोंड उघडणार, एवढ्यात गीताबाईनं त्याच्या ताटात आमटी वाढली.

“होऊ दे,” ती म्हणाली. “एवढं खोटं जी एवढ्या सरळ तोंडानं लिहिते, तिनं दुसरं काय व्हावं?”

जूनमध्ये ललितानं आपल्या हातानं, आपल्या मर्जीनं, एफ.वाय.चा फॉर्म भरला. त्याच आठवड्यात भिकाजी कचेरीतून एक लिफाफा घेऊन आला. दातार साहेबांचा हुकूम होता. वर्ग मंजूर! पण सदर कमळाबाई चंदू साळवी यांची स्मरणशक्ती अत्यंत क्षीण असल्याने त्यांनी वर्षभर दररोज हजर राहावे, त्यांची परीक्षा साहेब जातीनं घेतील. त्या गैरहजर राहिल्यास वर्ग तत्काळ बंद!

ललितानं हुकूम वाचला, पुन्हा वाचला आणि कपाळाला हात लावला.

“कॉलेज किती वाजता सुटतं?” भिकाजीनं विचारलं.

“साडेबाराला.”

“मंग दोनपर्यंत पोचशील की.”

वर्षभर तेच चाललं! सकाळी महाडला कॉलेज, दुपारी वाडीत पाटी. सकाळी राज्यघटना, दुपारी डाव्या हातानं ‘कमळ’. मे महिन्यात दोन्ही निकाल लागले. एफ.वाय.ला ललिता पहिल्या वर्गात पास झाली. प्रौढांच्या वर्गात मात्र दातार साहेबांनी स्वतः पेपर तपासून तिला शून्य दिलं, आणि वर्गाला आणखी एक वर्ष मिळालं.

वाडीनं पेढे वाटले ते शून्याचे!